रांजणाला वास येतो

आमच्या लांबघरात एकाच छपराखाली बावीस कुटुंबांची बावीस दारं आहेत. बावीस घरच्या बायका तुआक, म्हणजे भाताची दारू लावतात, पण गवायच्या, सुगीच्या सणाला पाहुण्याच्या हातात पहिला पेला जायचा तो माझ्या रांजणातला. चाळीस वर्षं गेला. सासूने मला अंगावर नाग कोरलेला नागाचा रांजण दिला तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तिचे हात थरथरायला लागले होते. हात थरथरले म्हणून तिने रांजण सोडला. मी तिच्यासारखी भाबडी नव्हते.

तुआक करणं म्हणजे काय? चिकट तांदळाचा भात, रागीच्या, म्हणजे आंबवणाच्या कुटलेल्या वड्या, उकळून थंड केलेलं साखरेचं पाणी. हे कुठल्याही गाढवाला जमतं. तुआक नासते ती भातामुळे नाही, भांड्यामुळे. रांजण आधी नदीवर न्यायचा, वाळूने आतून घासायचा, मग राखेने, मग परत वाळूने. घरी आणून तीनदा उकळतं पाणी ओतायचं. मग माचीवर उन्हात पालथा घालायचा, दिवस कलला की आत आणून उकळलेल्या, वाळलेल्या फडक्याने पुसायचा. आणि शेवटी डोकं आत घालून वास घ्यायचा. रांजणाला कसलाच वास यायला नको. मातीचा नको, राखेचा नको, गेल्या वर्षीच्या तुआकचा नको. खरं काम हेच. हल्लीच्या पोरी प्लास्टिकचे पिंप पावडरीने धुतात आणि झालं म्हणतात. त्यांची तुआक त्यांनाच लखलाभ.

तुआक लावतात त्या दिवशी घरात लिंबू कापत नाहीत, मिठाचं भांडं उघडं ठेवत नाहीत, भांडत नाहीत. आणि पाळीतल्या बाईने रांजणाला शिवायचं नाही. तुआक नासली की आमच्याकडे कोणी रागी तपासत नाही. बाई शोधतात.

त्या साथीच्या तापात माझं नाक गेलं. सगळ्या घराचीच नाकं गेली होती. महिन्याभरात एकेकाचं परत आलं. इंदाय उंपांग, म्हणजे उंपांगची आई, शेजारच्या दारातली, ती तर रुआयवर, म्हणजे सगळ्या घराच्या सामाईक सोप्यावर बसून मोठमोठ्याने सांगायची, आज मला लसणाचा वास आला, आज मला डुकरांचा वास आला. मीही म्हटलं, माझंही आलं. आलं नव्हतं. सुकी मासळी जळून कोळसा झाली तरी मला कळत नव्हतं.

हे बाहेर पडलं असतं तर रांजण दुसऱ्या दिवशी इंदाय उंपांगच्या दारात गेले असते. ज्या बाईला वास येत नाही ती रांजण कसा तपासणार? आणि रांजण गेले की मी कोण? नवरा मेलेली, गुडघे गेलेली एक म्हातारी, जिला रुआयवर कोपऱ्यातली चटई देतात. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

म्हणून मी सुनेचं नाक वापरलं. दीमा माझ्या सवेंगची बायको. खालच्या नदीवरच्या गावची, कमी बोलणारी, कामाला चांगली. सवेंग बिंतुलूला कंपनीत, वर्षातून दोनदा घरी. दीमा माझ्याजवळ. मी रांजणात डोकं घालायची, लांब श्वास घ्यायची, डोळे मिटायची, मग तिला म्हणायची, "तू बघ गं. शिकायला नको का? काय वाटतं?"

ती डोकं घालायची. "अजून राखेचा वास आहे, इंदाय."

"हं. मलाही तेच वाटलं," मी म्हणायची.

ती पहिल्या खेपेलाच ओळखून गेली असणार. मूर्ख नव्हती. पण कधी बोलली नाही, उलट माझी लाज राखायची. चारचौघी बायका असल्या तर मी विचारायच्या आधीच म्हणायची, "इंदाय, तुम्ही मघाशी म्हणालात तसा जरा धुराचा वास आहे ना?" हे आठवलं की मला अजून राग येतो. कोणी आपल्यावर दया करतंय हे कळण्यासारखा दुसरा अपमान नाही.

पहिली गवाय पार पडली. दुसऱ्या गवायच्या आधी, मी नागाचा रांजण साफ करायला काढला त्याच दिवशी दीमा म्हणाली, "मला आज शहरात जायचंय. साखर आणते." मी एकटीने घासला, उकळतं पाणी ओतलं, उन्हात घातला. संध्याकाळी आत घेतला आणि चुलीवरच्या दोरीवरचं फडकं ओढून पुसला. दोरीवर फडकी दोन होती. एक रांजणाचं आणि एक कासमच्या बरणीवर बांधायचं. कासम म्हणजे आमची मिठात आणि भातात मुरवलेली मासळी. तिचा वास नदीपलीकडच्या कुत्र्यांना येतो. मला आला नाही.

दुसऱ्या दिवशी भात चटईवर गार करत ठेवला होता. दीमा रांजणाजवळ गेली, वाकली आणि तशीच थांबली.

"इंदाय, एकदा आणखी उकळतं पाणी घालू का? अर्धा तास लागेल."

"का?"

ती जरा घुटमळली. "उगीच. आपलं मन म्हणून."

तिथेच मी हो म्हणायला हवं होतं. पण दारात इंदाय उंपांग उभी होती, तोंडात पान, डोळे आमच्यावर.

"माझ्या रांजणाला नाक लावतेस?" मी म्हटलं. "तुझ्या आईने तरी कधी धड रांजण धुतला होता का? मी वास घेतलाय. भात घाल."

इंदाय उंपांग हसली. दीमाने भात घातला. मी रागी घातली, साखरेचं पाणी ओतलं, तोंड बांधलं. ते बांधलं की गवायपर्यंत उघडायचं नाही.

गवायला सगळं घर रुआयवर जमलं. दाराला लागून हा लांबच लांब सोपा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चटया, तीन गावचे पाहुणे. सवेंगही आला होता. घराचे प्रमुख आकी, म्हणजे आजोबा, बेलायोंग यांनी पहिला पेला वरच्या गावच्या प्रमुखाला दिला. त्याने घोट घेतला, गिळला, कारण तो पाहुणा होता, आणि पेला खाली ठेवला. मग आकींनी स्वतः घेतला आणि फळ्यांच्या फटीतून खाली थुंकले.

"मेलेला मासा," ते म्हणाले. "सवेंगच्या आई, हे काय?"

मी घोट घेतला. जिभेला आंबट लागलं, बाकी काही नाही. पण ते फडकं मला त्याच क्षणी आठवलं. दोरी आठवली, दोन फडकी आठवली. दीमाकडे पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती आणि तिला सगळं कळलेलं होतं.

"कोणीतरी शिवलंय," इंदाय उंपांग म्हणाली. "उगाच नाही नासत. रांजणाला कोणाकोणाचे हात लागले?"

"दोघींचे," मी म्हटलं. "माझं वय सगळ्यांना ठाऊक आहे. माझं सगळं पंधरा वर्षांपूर्वीच थांबलं."

एवढंच बोलले. पुढचं कोणी बोलायची गरजच नव्हती. सगळ्यांची डोकी दीमाकडे वळली.

"मी नव्हते," दीमा म्हणाली.

"रांजण खोटं बोलतो का मग?" आकींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, शरम होती. पाहुण्यांसमोर घराची अब्रू गेली होती.

सवेंग बायकोशेजारी बसला होता. तो जरा बाजूला सरकला. वीतभरच, पण सरकला. माझा मुलगा आहे, मी त्याला ओळखते. त्याला भांडण नको असतं, मग कोणाचंही वाटोळं होऊ दे.

स्वयंपाकघरात दीमाने मला गाठलं. कमरेच्या पिशवीतून दवाखान्याची चिठ्ठी काढली. "मी साखरेसाठी गेले नव्हते, इंदाय. नर्सला भेटायला गेले होते. तेव्हाच सात आठवडे होऊन गेले होते. मला पाळी येईलच कशी?"

आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत चारचौघांत पोटातल्याचं नाव काढत नाहीत, नजर लागते. आज रात्री ती सवेंगला सांगणार होती.

मला आनंद झाला नाही असं नाही. नातवंड कोणाला नको असतं? पण त्याच्या आधी भीती आली. मी म्हटलं, "जा, सांग त्यांना. मग ते विचारतील, सून शिवली नाही तर रांजण नासवला कोणी? तेव्हा काय सांगशील?"

तिने चिठ्ठीची घडी घातली.

"सांगशील का, इंदायला वास येत नाही म्हणून?"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला काय करायचंय तुमचे रांजण घेऊन? पण मग मी काय करू?"

"दंड भर. एक पांढरी कोंबडी आणि रांजण घासायचे. एक दिवसाचं काम. महिन्याने पोटाचं सांग, कोण बोटं मोजत बसतंय? चिठ्ठी दे इकडे, माझ्या सुपारीच्या डब्यात राहील."

तिने दिली. विश्वासाने दिली, हे सांगायलाच हवं.

सण संपल्यावर पाहुण्यांच्या बोटी गेल्या आणि दीमा रांजण घासायला लागली. विटाळाचा दंड असाच असतो. घरातले सगळे मोठे रांजण, अकरा, एकेक करून नदीवर न्यायचे, घासून वर आणायचे, सगळ्यांच्या देखत. खाचा पाडलेल्या ओंडक्याची शिडी आहे, चौदा खाचांची. रिकामा रांजण पाठीवरच्या टोपलीत बसतो, पण नागाचा रांजण पुरुषालाही वाकवतो.

मी माचीवर बसले, सुपारी घेऊन. शेजारी इंदाय उंपांग आणि आणखी सहा-सात जणी. पहिला रांजण वर आला. मी डोकं आत घातलं, लांब श्वास घेतला. बायका बघत होत्या. एका खेपेला पास केला असता तर म्हणाल्या असत्या, सुनेला सोडते. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. चाळीस वर्षांत कोणी माझ्या तोंडाकडे असं बघत बसलं नव्हतं. मला ते गोड लागलं.

"वास येतो," मी म्हटलं. "पुन्हा."

दीमाने वर पाहिलं. माझं नाक मेलेलं आहे हे त्या माचीवर फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिने रांजण पाठीवर घेतला आणि खाली गेली.

दुसरा, पुन्हा. पाचवा, पुन्हा. दुपारपर्यंत तिचे कपडे घामाने अंगाला चिकटले होते. सवेंग एकदा येऊन उभा राहिला. "इंदाय, मी उचलू का?"

"विटाळाला पुरुषाचा हात लावतात का?" इंदाय उंपांगच बोलली. तो परत गेला. मी सुपारी कातरत राहिले.

नागाचा रांजण मी तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, "इंदाय, पोटात दुखतंय. पुरे करा."

"आणखी एकदा," मी म्हटलं. "हा शेवटचा."

ती शिडीच्या मध्यावर असताना थांबली. रांजण तिने फोडला नाही. खाचेवर टेकवला, दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि कोणीतरी घ्या म्हणाली. तिच्या पायावरून रक्त खाली ओंडक्यावर येत होतं.

सगळ्या बायका उठल्या. रांजण दोघींनी घेतला. आणि इंदाय उंपांगने बोटं मोजली. "तुआक लावल्याला आज बरोबर अठ्ठावीस दिवस. बघा. बघा म्हटलं नव्हतं? तेव्हाही हेच होतं."

बायकांनी माना हलवल्या. हिशेब चोख जुळला होता.

दीमा शिडीवर बसली होती, ओंडका धरून. तिने मला हाक मारली. "इंदाय, तुम्ही सांगा त्यांना."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझं तोंड सुपारीने भरलेलं होतं. मी म्हटलं, "आधी आत चल. आडवी हो. नंतर बघू."

तीन दिवस ती आत होती. तिचे कपडे मीच धुतले, दुसऱ्या कोणाला धुऊ दिले नाहीत. पाळीचं रक्त कसं असतं आणि ते कसं होतं, हे मला सांगायला नर्स लागत नाही. तिसऱ्या दिवशी तिने चिठ्ठी मागितली. मी ती आदल्या संध्याकाळीच चुलीत घातली होती. "सापडत नाही गं," मी म्हटलं. तिने पुन्हा मागितली नाही. सवेंगलाही काही सांगितलं नाही. कसं सांगणार? सगळ्या घराने अठ्ठावीस मोजले होते.

मी रडले का? रडले, कपडे धुताना. पण रांजण माझेच राहिले.

पुढचं वर्ष ती पहिल्यासारखीच वागली. भात रांधला, डुकरांना घातलं, माझे गुडघे चोळले. सवेंग मध्ये एकदा येऊन गेला आणि गवाय आली तेव्हा तिला सातवा होता. रांजण काढले. मी एकटीने हात लावायचाच नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक पायरीला तिला विचारलं.

"आता?"

"राख गेलीय, इंदाय."

"आता?"

"काहीच वास नाही."

पुसायची वेळ आली तेव्हा फडकं तिनेच हातात दिलं. "हे घ्या. सकाळी उकळलंय."

मी ते नाकाला लावलं. सवय जात नाही. मग रांजण पुसला आणि परत विचारलं, "नीट बघ. नक्की?"

तिने डोकं आत घातलं, कितीतरी वेळ. बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा शांत होता. "स्वच्छ आहे, इंदाय."

गवायला आकींनी घोट घेतला आणि थुंकले. पुन्हा मेलेला मासा. डोकी सवयीने दीमाकडे वळली आणि तिच्या पोटावर थांबली.

"सात महिन्यांच्या बाईला कसला विटाळ?" इंदाय उंपांग पुटपुटली. तिच्या तोंडचा घास गेल्यासारखं झालं होतं.

दीमा उठली. आतून दोन वाट्या घेऊन आली, वर केळीची पानं झाकलेली. माझ्यासमोर ठेवल्या आणि वाकून, मानाने म्हणाली, "इंदाय, एकात नदीचं पाणी आहे, एकात कासमचं. पान न उचलता सांगा, कासम कुठलं."

तीन चटया पलीकडची पोरं नाकं दाबून खिदळायला लागली, म्हणजे वास सगळ्या रुआयवर पसरला होता. मी दोन्ही वाट्या हुंगल्या. पुन्हा हुंगल्या. मग उजवीकडची दाखवली.

आकींनी उजवीकडचं पान उचललं. पाणी होतं.

"कधीपासून?" सवेंगने विचारलं.

"साथीच्या तापापासून," दीमा म्हणाली. "गेल्या वर्षीही असंच होतं."

माझा मुलगा हळू आहे, पण पोचतो. "मग गेल्या वर्षी तू शिवली नव्हतीस. मग शिडीवरचं ते रक्त कसलं?"

"ते इंदायला विचार," दीमा म्हणाली. "कपडे त्यांनी धुतले."

मला विचारायची कोणाला गरज पडली नाही. बायकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकेक करून आपल्या चटया माझ्यापासून मागे ओढल्या. सवेंग सरकला नाही. तो उठून निघूनच गेला. त्याने मला इंदाय म्हणून हाक मारल्याला आता वर्ष होईल.

रांजण दीमाकडे गेले. कोणी वाद घातला नाही, इंदाय उंपांगनेसुद्धा नाही. आकी म्हणाले, म्हातारीला दंड नको, वय झालंय. दीमाही म्हणाली, दंड नकोच. "फक्त घासायला मदत करतील. हात अजून चांगले आहेत त्यांचे."

काल यंदाचे रांजण काढले. मी नदीवर बसून घासते, दीमाचा भाऊ वर नेऊन ठेवतो, मी मागून शिडी चढते. चौदा खाचा. दीमा माचीवर बसते, मांडीवर पोरगी. नऊ महिन्यांची आहे, गोरीगोमटी, माझ्या नाकाची. माझ्याकडे झेपावते, पण दीमा तिला देत नाही. रागाने नाही. "इंदायचे हात ओले आहेत," असं म्हणते.

मग रांजणात डोकं घालते, लांब श्वास घेते, डोळे मिटते. मला वाटतं, तिने हे माझ्याकडूनच उचललं.

"अजून वास येतो, इंदाय. पुन्हा."

येतो की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. मी रांजणात डोकं घालते तर आत नुसता अंधार. मी कोणाला विचारणार? सगळ्या घराला तिच्या नाकावर भरवसा आहे. दीमाचा भाऊ रांजण उचलतो आणि मी त्याच्यामागून खाली उतरते. काल नागाचा रांजण चारदा झाला. अजून दहा आहेत.